रामशास्त्री आमच्या वर्गात

सिनेमा अगदी रंगात आलाय आणि नेमकी लाइट गेली, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? आमच्या वर्गाच्या बाबतीत झालं. पुढचं सगळं त्या गेलेल्या लाइटमुळेच घडलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मी सुप्याच्या बाजूला एका शाळेत पाचवीला शिकवते. सुपा म्हटलं की काहीजण लगेच विचारतात, "बारामतीजवळचं का?" नाही हो, ते सुपे. आमचं सुपा पारनेर तालुक्यातलं, नगर-पुणे रस्त्यावरचं. डोंगरावर पवनचक्क्या फिरतात, खाली एमआयडीसीतले कारखाने आणि मधे कांद्याची वावरं. एवढ्या पवनचक्क्या डोळ्यांसमोर असताना वर्गातली लाइट जाते कशी, हा प्रश्न मुलं दर पावसाळ्यात मला विचारतात. मी दर पावसाळ्यात विषय बदलते.

तर गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी एका शनिवारी सकाळची शाळा होती. मैदानात चिखल, त्यामुळे कवायत नाही. वर्गात लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे. "बाई, सिनेमा! बाई, सिनेमा!" असा गलका सुरू झाला. मुलांच्या मनात मारामारीचा सिनेमा होता. मी लावला 'रामशास्त्री'. पडद्यावर पहिलं चित्र आलं आणि मागून आवाज आला, "बाई, टीव्हीचा रंग गेला."

रंग गेला नव्हता, तो आलाच नव्हता. हा सिनेमा १९४४ सालचा, पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा. ही कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. तिच्या सिनेमाच्या सुरुवातीला तुतारी फुंकणारी बाई दिसते. आज त्या स्टुडिओच्या जागेत सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. माझ्या आजोबांनी लहानपणी 'रामशास्त्री' जत्रेतल्या तंबूत पाहिला होता, जमिनीवर बसून. पुढे म्हातारपणी घरात भावंडांची भांडणं झाली की आजोबा काठी आपटून म्हणायचे, "थांबा, आधी शास्त्रीबुवांना बोलवू." मग आम्ही दोघांनीही आपापली बाजू सांगायची. एकाचं ऐकून त्यांनी कधी निकाल दिला नाही. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगून ठेवते. कारण पुढे मला त्याची लाज वाटायची आहे.

रामशास्त्र्यांची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आहे आणि दिग्दर्शनातही त्यांचंच नाव आहे. पण आमच्या मुलांना आवडला तो लहान राम आणि त्याची लहानगी बायको. अनंत मराठे आणि बेबी शकुंतला ही ती दोन मुलं. एवढ्याशा मुलांचं लग्न झालेलं बघून वर्ग हसून हसून लोळला. मग एका मुलीने विचारलं, "खरंच व्हायची अशी लग्नं?" व्हायची, म्हटलं. मग हसू थांबलं.

रामशास्त्री प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. गोष्ट अशी सांगतात, की पोरवयात ते एका सावकाराकडे चाकरीला होते. सावकाराच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या कानातल्या मोत्यांवर गेली आणि पाणी बाहेर सांडलं. सावकार म्हणाला, असलं काही मिळवायचं तर अंगात विद्या तरी हवी, नाहीतर पराक्रम तरी. ते बोलणं पोराला लागलं. अक्षरओळख नसलेला तो मुलगा काशीला गेला, शिकला आणि परत आला तो पंडित होऊन. १७५९ मध्ये पेशव्यांनी त्यांना पुण्यात न्यायाधीश नेमलं.

थोरले माधवराव पेशवे गादीवर असतानाचीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. पेशवे पूजेत नि जपात तासन् तास रमू लागले. कामं अडली, लोक बाहेर तिष्ठत बसले. तेव्हा शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितलं, की जपच करायचा असेल तर गादी सोडून गंगेकाठी चला, मीही येतो. नाहीतर लोकांची गाऱ्हाणी ऐका. माधवरावांनी ऐकलं. इथे मला मोठेपणा दोघांचाही वाटतो. सांगणारा हवा हे खरंच, पण ऐकणाराही हवा.

१७७२ मध्ये माधवराव वारले आणि त्यांचे धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले. त्यांचे काका राघोबादादा, म्हणजे रघुनाथराव. मोठे सेनापती, पण स्वतःलाच गादी हवी होती, म्हणून शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलेले. ३० ऑगस्ट १७७३ या दिवशी गारदी, म्हणजे वाड्यावरचे पहारेकरी शिपाई, तलवारी उपसून आत शिरले. नारायणराव धावत काकांकडे गेले, "काका, मला वाचवा" म्हणत. काकांनी वाचवलं नाही. पेशवा अठरा वर्षांचा होता. त्याला वाचवू बघणारा चाफाजी टिळेकर हा सेवकही त्याच्याबरोबर मारला गेला.

तुम्ही 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार शिकला असाल. त्याची गोष्ट इथली. राघोबांच्या चिठ्ठीत 'धरावे' असं होतं, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ते 'मारावे' केलं, असं लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले. सिनेमात आनंदीबाई झाल्या आहेत ललिता पवार. त्या पडद्यावर आल्या की आमचा पहिला बाक आपोआप मागे सरकायचा.

आता राघोबादादाच पेशवे झाले. सत्ता त्यांची, फौज त्यांची, खजिना त्यांचा. आणि रामशास्त्री त्यांचेच न्यायाधीश, त्यांच्याच तिजोरीतून पगार घेणारे. शास्त्रीबुवांनी खुनाचा तपास केला. सगळे धागे जिथे जाऊन पोचले, तिथे स्वतः पेशवेच बसले होते. सिनेमात शास्त्रीबुवा दरबारात निघाले. वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी अशी शांतता.

आणि लाइट गेली.

"आऽऽऽ!" असा जो आवाज उठला, तो सुप्याच्या चौकापर्यंत गेला असेल. पत्र्यावर पाऊस वाजत होता, खिडक्यांतून करडा उजेड येत होता. मी म्हटलं, "लाइट येईपर्यंत तुम्हीच सांगा. तुम्ही रामशास्त्री असता तर काय केलं असतं?"

पहिल्या बाकावरून उत्तर आलं, "उपोषणाला बसायचं." राळेगणसिद्धी आमच्याच तालुक्यात, त्यामुळे आमच्या मुलांना कुठल्याही अडचणीवर हेच उत्तर आधी सुचतं! दुसरा म्हणाला, "रात्री चिठ्ठी लिहून ठेवायची आणि पळून जायचं." आमचा वर्गप्रमुख ताडकन उभा राहिला, "फाशी!" एक मुलगा मात्र सावकाश म्हणाला, "काही बोलू नये बाई. मालकाला असं बोललं तर उद्यापासून गेटच्या आत घेत नाहीत." त्याचे वडील कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला आहेत. कुणी त्याला हसलं नाही.

लाइट काही आली नाही. शेवटी निकाल मीच सांगितला. शास्त्रीबुवांनी राघोबांना तोंडावर सांगितलं, की या गुन्ह्याला शिक्षा एकच, देहान्त प्रायश्चित्त. म्हणजे मृत्यू. आणि तुम्ही गादीवर आहात तोवर मी पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं म्हणून ते पद सोडून निघून गेले.

"मग फाशी झाली?"

"नाही."

"का?"

"कोण देणार? पेशवे तेच होते."

तो पळून जाणारा मुलगा विचारात पडला. मग म्हणाला, "मग निकालाचा उपयोग काय, बाई?"

दोस्तांनो, डी.एड.ला आम्हाला पाठ कसा घ्यावा, फलक कसा लिहावा, सगळं शिकवलं होतं. या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. तरी जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राज्याच्या न्यायाधीशाने ज्याला खुनी ठरवलं, त्याच्यामागे कारभारी मनाने उभे राहीनात. नाना फडणीस, सखारामबापू आणि इतर कारभारी एक झाले. त्यांना बारभाई म्हणतात. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला त्यांनी पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित ठेवलं. १८ एप्रिल १७७४ रोजी तिला मुलगा झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या तान्ह्या बाळाला, सवाई माधवरावाला, पेशवा केलं. राघोबा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेला त्यांच्याशी तह केला, लढाया झाल्या. सात वर्षं हे चाललं. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, आणि राघोबांच्या हाती गादीऐवजी तनखा आला. शेवटचे दिवस त्यांनी कुठे काढले माहीत आहे? आपल्याच जिल्ह्यात, कोपरगावला, गोदावरीच्या काठी. १७८३ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचा वाडा अजून आहे. आणि रामशास्त्र्यांना कारभाऱ्यांनी पुन्हा न्यायाधीश केलं. १७८९ मध्ये वारले, तोवर त्यांचा शब्द चालत होता.

"कोपरगावला माझा मामा राहतो," एकाने माहिती दिली. पण प्रश्न विचारणाऱ्याचं समाधान झालं नव्हतं. तो म्हणाला, "पण हे पेशवाईतलं. आता कुठं असं असतंय?"

मग मी १९४४ सालाकडे वळले. हा सिनेमा निघाला, तेव्हा आपल्यावर राज्य इंग्रजांचं होतं. सिनेमा आधी सेन्सॉरला दाखवावा लागे. प्रभातच्याच एका मूकपटाचं नाव 'स्वराज्याचे तोरण' होतं. 'स्वराज्य' हा शब्द सरकारला खुपला, म्हणून ते बदलून 'उदयकाल' करावं लागलं. पण पेशवाईतल्या न्यायाधीशाची गोष्ट सांगायला कोण अडवणार? थिएटरात बसलेल्या लोकांनी त्यातून काय घ्यायचं ते घेतलं असेल. कारण त्याच वर्षी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव असे काँग्रेसचे बारा पुढारी कोंडलेले होते. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना पकडून नगरला आणलं. १९४५ पर्यंत ठेवलं. खटला नाही, न्यायाधीश नाही, निकाल नाही. नेहरूंनी 'भारताचा शोध' हे पुस्तक तिथेच, १९४४ मध्ये लिहिलं. सुप्यापासून तो किल्ला काही फार लांब नाही. एसटीने तासाभराच्या आत नगर येतं.

"खटला नाही म्हणजे?" वर्गप्रमुखाने विचारलं.

"म्हणजे तुमची बाजू कुणी ऐकूनच घ्यायची नाही. तुम्ही दोषी, असं कुणीतरी ठरवलं, की संपलं."

हे वाक्य मी मोठ्या ऐटीत बोलले. आणि खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ही मुलगी हजेरीलासुद्धा "हजर" इतकं हळू म्हणते, की दोनदा विचारावं लागतं. ती म्हणाली, "बाई, तोटी मोडली तेव्हा आपल्या वर्गात तरी कुठं चौकशी झाली?"

थांबा, तोटीची गोष्ट सांगते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शाळेच्या पाण्याच्या टाकीची तोटी मोडली. सगळं पाणी वाहून गेलं, आणि आमच्याकडे पाणी म्हणजे काय, हे दुष्काळी भागातल्या मुलांना सांगायला नको. वर्गप्रमुखाने फळ्यावर एका मुलाचं नाव लिहून ठेवलं होतं. फळ्यावर नाव आलं की शिक्षा, अशी आमच्या वर्गाची रीत. मी त्या मुलाला विचारलंसुद्धा नाही. तो आपण होऊन म्हणाला, "बाई, मी नाही." पुन्हा म्हणाला, "बाई, आईशप्पथ मी नाही." मी म्हटलं, "शपथा घालू नकोस," आणि पंधरा ऑगस्टच्या लेझीम पथकातून त्याचं नाव काढून टाकलं. तो पथकात सगळ्यांत पुढे असायचा. पंधरा ऑगस्टला तो शेवटच्या रांगेत उभा होता. त्याचे वडील रात्रपाळी करून, न झोपता, मोटारसायकल घेऊन लेझीम बघायला आले होते. फाटकाजवळ उभे राहून त्यांनी लेझीम बघितलं आणि झेंड्याला हात जोडून निघून गेले.

तर ती मुलगी हे म्हणाली, आणि मी काय केलं असेल? सांगताना जीभ अडखळते. मी म्हटलं, "बस खाली! विषय काय चाललाय, तू बोलतेस काय?"

ती बसली. शाळा सुटली. लाइट तेव्हा आली.

रविवारभर मला चैन पडलं नाही. आजोबा आठवत राहिले, त्यांची ती काठी आठवत राहिली. सिनेमा बघताना आपण सगळेच शास्त्रीबुवांच्या बाजूने असतो, नाही का? मीही होते. पण वर्गात खुर्ची एकच असते आणि तिच्यावर मी बसते. फळा माझा, हजेरीपुस्तक माझं, लेझीम कुणी खेळायचं हे ठरवणार मी. मला "बाई, तुम्ही चुकलात" असं सांगणारं एक माणूस वर्गात निघालं, तर त्याला मी दोन शब्दांत खाली बसवलं.

सोमवारी मी वर्गात गेले. खरं सांगू? तोटीचा विषय अजून थोडा पुढे ढकलता आला तर बरं, असंच मनात होतं. म्हणून आधी शनिवारचा उरलेला प्रश्न घेतला, "आता कुठं असं असतंय?" स्वतंत्र भारतातली एक हकीकत सांगायची ठरवून आले होते. तीच तुम्हालाही सांगते.

२५ जून १९७५ च्या रात्री आपल्या देशात आणीबाणी जाहीर झाली. ती मार्च १९७७ पर्यंत होती. सरकारविरुद्ध बोलणाऱ्या हजारो लोकांना पकडून तुरुंगात टाकलं. वर्तमानपत्रात काय छापायचं हे सरकारी अधिकारी तपासू लागले. अशा दिवसांत कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी भर मंडपात आणीबाणीविरुद्ध बोलायचं धाडस केलं. मग एक खटला दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे आला. प्रश्न असा होता, की आणीबाणीत ज्याला कोंडलंय, त्याने न्यायालयात येऊन "मला का कोंडलं?" असं विचारायचं की नाही? पाच न्यायाधीश होते. २८ एप्रिल १९७६ रोजी चार जण म्हणाले, नाही, विचारता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना म्हणाले, विचारता येईल. आपल्या या निकालाने सरन्यायाधीशपद हातचं जाणार, हे त्यांनी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तसंच झालं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा कनिष्ठ न्यायाधीशांना सरन्यायाधीश केलं. खन्नांनी राजीनामा दिला.

"म्हणजे रामशास्त्र्यांसारखं," कुणीतरी म्हणालं.

"आणि त्यांच्या निकालाचा उपयोग?" तो शनिवारचाच मुलगा. हा पुढे वकील होणार, लिहून ठेवा.

त्या दिवशी काहीच उपयोग झाला नाही. निकाल चौघांचा लागला आणि कोंडलेले लोक कोंडलेलेच राहिले. पुढे १९७८ मध्ये घटनादुरुस्ती झाली, की आणीबाणी असली तरी माणसाचा जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क गोठवता येणार नाही. आणि २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितलं, की १९७६ चा तो चौघांचा निकाल चुकीचा होता, खन्ना बरोबर होते. मुलांनी वजाबाकी केली : एक्केचाळीस वर्षं. खन्ना तोवर हयात नव्हते. यात आणखी एक गंमत आहे, गंमत म्हणू की काय म्हणू ते कळत नाही. १९७६ च्या चौघांत एक होते न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड, आपले मराठीच. आणि २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं ज्यांनी लिहिलं, ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. त्यांचा मुलगा.

"वडिलांना चूक म्हणाला?" वर्गप्रमुखाचे डोळे विस्फारले.

"त्यांच्या निकालाला."

बोलता बोलता माझी नजर शेवटच्या बाकाकडे गेली. तो लेझीमवाला मुलगा खिडकीबाहेर बघत होता, टाकीच्या दिशेने. ज्याला कोंडलंय त्याला "का?" असं विचारता यावं की नाही, हे मी पाच मिनिटं शिकवत होते. आणि तो दोनदा "मी नाही" म्हणाला होता.

मी खडू खाली ठेवला. खिडकीजवळच्या मुलीला म्हटलं, "शनिवारी तू विचारलंस ते बरोबर होतं. मी तुला गप्प बसवलं, ते चुकलं. आता चौकशी करू." खुर्ची सोडून मी पहिल्या बाकावर मुलांशेजारी बसले. अंग चोरून बसावं लागलं, पण बसले.

आधी वर्गप्रमुखाला विचारलं, "तू तोटी मोडताना बघितलंस?" तो म्हणाला, "नाही, पण तो तिथं उभा होता आणि हातात तोटी होती." मुलाला विचारलं. तो म्हणाला, "पाणी प्यायला गेलो. तोटी हातातच आली. मी परत बसवत होतो." मग आम्ही सगळे मिळून पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडे गेलो. त्यांचं स्वयंपाकघर टाकीपासून वीस पावलांवर. मावशी म्हणाल्या, "अहो बाई, ती तोटी चार दिस आधीच ढिली झालती. मीच चिंधी गुंडाळून ठेवलीती. लहान पोरं लोंबकळत्यात की तिला." मी विचारलं, "मग तुम्ही सांगितलं का नाही?" मावशी डाळ ढवळता ढवळता म्हणाल्या, "मला कुणी इचारलं?"

वीस पावलं, बालमित्रांनो. तेवढी मी चालले नव्हते.

सगळ्या वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली. तो खाली मान घालून "जाऊ द्या बाई" म्हणाला. संध्याकाळी त्याच्या वडिलांना फोन केला. त्यांना सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग ते म्हणाले, "पोरगं घरीबी म्हणत होतं, मी नाही म्हणून. मीच दोन ठिवून दिल्या. म्हटलं, बाई कशाला खोटं बोलतील?" त्यानंतर काय बोलायचं ते मला सुचलं नाही, त्यांनाही सुचलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या लेझीमला तो मुलगा पुन्हा सगळ्यांत पुढे होता. छान खेळला. वडिलांना मात्र त्या दिवशी येता आलं नाही, दिवसपाळी होती. पंधरा ऑगस्ट काही मला परत आणता आला नाही.

त्या मुलीचंही सांगायला हवं. सिनेमात धीट माणसाला शेवटी सगळे मान देतात. खऱ्या वर्गात तसं झालं नाही. वर्गप्रमुख आणि त्याचे दोस्त महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. तिची नेहमीची मैत्रीण वर्गप्रमुखाची चुलत बहीण. ती उठून दुसऱ्या बाकावर गेली. डबा खायला ही एकटीच बसायची. मी मधे पडले, तर ती म्हणाली, "राहू द्या बाई, होईल नीट." दिवाळीनंतर झालं नीट. पण तो महिना तिने काढला, आणि मी तो रोज बघितला.

आता फळ्याची रीत आम्ही बदलली आहे. हे मुलांनीच ठरवलं, माझ्या फार सूचना त्यांनी मान्य केल्या नाहीत. नाव लिहायचं तर शेजारी कारण लिहायचं. ज्याचं नाव, त्याने उभं राहून आपली बाजू सांगायची. कुणी बघितलं असेल तर त्याने सांगायचं. मग ठरवायचं. वर्गप्रमुख आधी फार नाराज होता, आता सगळ्यांत जास्त प्रश्न तोच विचारतो. यात वेळ जातो, हे खरं. परवा गणिताचा अर्धा तास एका पेन्सिलीच्या खटल्यात गेला, आणि भागाकार राहिले. शिवाय वर्गाने आणखी एक कलम घातलं, की नाव कुणाचंही लिहिता येईल.

त्या लाइट गेलेल्या दिवशी राहिलेला सिनेमा आम्ही पुढे एका शनिवारी पुरा केला. तुम्हीही मिळवून बघा, घरच्यांबरोबर. रंग नाही म्हणून पहिली दहा मिनिटं कुरकुर होईल. पुढे विसराल.

गेल्या मंगळवारी मी शाळेत पोचले, तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. वर्गात शिरले तर सगळे माझ्याकडे बघत बसलेले. फळ्यावर एकच नाव होतं. 'बाई. कारण : उशिरा आल्या.' मी टेबलाजवळ उभी राहिले आणि माझी बाजू सांगितली, की सुप्याच्या चौकात कंटेनर आडवा झाला होता, एसटी अर्धा तास हलली नाही.

वर्गप्रमुख उठला. म्हणाला, "साक्षीदार कोण आहे, बाई?"